क्विनाइनच्या पुडीतून निघालेली पदवी : एम.फार्म.चा इतिहास

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.फार्म., मिळवायची असेल तर आज शहर सोडावे लागत नाही. पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र संस्था आहे. १९४० साली चित्र निराळे होते. रायपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी होती नागपूर. शहरातले छत्तीसगड महाविद्यालय अवघे दोन वर्षांचे होते आणि नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते. त्या साली भारतात एम.फार्म.चे शिक्षण प्रथमच सुरू झाले, ते बनारस हिंदू विद्यापीठात. पदवी बनारसलाच का जन्मली, यापेक्षा ती जन्मलीच का, हा प्रश्न अधिक रंजक आहे.

उत्तराचा एक मोठा भाग क्विनाइनमध्ये दडलेला आहे. मलेरियाने देश पोखरलेला होता, छत्तीसगडचा जंगलपट्टा तर विशेष. टपाल कचेऱ्यांतूनही क्विनाइनच्या पुड्या विकल्या जात. पण बाजारातल्या औषधात क्विनाइन किती आणि इतर काय, हे तपासण्याची देशव्यापी यंत्रणा नव्हती. सिंकोनाच्या सालीत चार प्रमुख अल्कलॉइडे असतात : क्विनाइन, क्विनिडिन, सिंकोनिन आणि सिंकोनिडिन. जिभेला चारही कडूच लागतात. फरक ओळखायला उपकरण लागते. क्विनाइन ध्रुवित प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळवते, तर त्याच अणुसूत्राचे क्विनिडिन उजवीकडे. आम्लात विरघळवलेले क्विनाइन अतिनील किरणांखाली निळे चमकते. याच निळ्या उजेडाचा अभ्यास करताना जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये प्रतिदीप्तीचा उलगडा केला. पदार्थविज्ञानाचा एक अख्खा अध्याय ज्या औषधातून उघडला, ते औषध खरे की खोटे हे मात्र पाऊणशे वर्षांनंतरही भारतीय रुग्णाला कळत नव्हते.

तक्रारी वाढल्यावर १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. पुढच्याच वर्षी तिचा अहवाल आला. औषधांच्या दर्जावर कायद्याचे नियंत्रण हवे आणि औषध हाताळणाऱ्याला शास्त्रशुद्ध शिक्षण हवे, असा त्याचा रोख होता. शिक्षण तोवर मुळीच नव्हते असे नाही. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात १८४२ पासून वैद्यकशाळेत औषधशास्त्र शिकवले जाई. ब्रिटिश मुलखात मात्र शिक्षण होते ते कंपाउंडरचे : डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, मिश्रण ढवळायचे, बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवायची. बाटलीत नेमके काय आहे, हे विचारणे त्याच्या कामात बसत नव्हते.

हा प्रश्न विचारणारा माणूस घडवायचा, ही महादेव लाल श्रॉफ यांची जिद्द. जन्म १९०२ चा, दरभंग्याचा. शिक्षण अमेरिकेत कॉर्नेल आणि एमआयटीमध्ये. पंडित मदनमोहन मालवीयांच्या विद्यापीठात त्यांनी १९३२ मध्ये औषधी रसायनशास्त्र हा विषय बी.एस्सी.त आणला. १९३७ मध्ये बी.फार्म.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आला आणि १९४० मध्ये एम.फार्म. मधल्या काळात, १९३९ साली, त्यांनी या विषयाचे शोधपत्रही सुरू केले. ज्या पेशाला देशात ना कायदा होता ना नोंदवही, त्याच्यासाठी आधी शोधपत्र आणि लगोलग पदव्युत्तर पदवी! हा क्रम आज उलटा वाटेल, पण त्यामागे हिशेब होता. कारखान्यांना आणि सरकारी प्रयोगशाळांना विश्लेषक हवे होते, आणि बी.फार्म.च्या विद्यार्थ्यांना शिकवणार कोण, हाही प्रश्न होताच.

योगायोग असा की औषध कायदाही १९४० चाच. गोळी कशी असावी हे त्याने सांगितले. गोळी देणारा कसा असावा हे सांगणारा फार्मसी कायदा यायला १९४८ उजाडले. त्याने १९४९ मध्ये फार्मसी परिषद स्थापन झाली आणि १९५३ मध्ये पहिले शिक्षण नियम आले. या नियमांची नजर दुकानाच्या काउंटरवर होती. नोंदणीकृत औषधविक्रेता होण्यासाठीची किमान पात्रता त्यांनी ठरवली, आणि तेवढ्यासाठी पदविका पुरेशी होती. पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठांच्या मर्जीवर राहिले. परिषदेचे एम.फार्म.साठीचे स्वतंत्र नियम आले ते २०१४ मध्ये. चौऱ्याहत्तर वर्षे ही पदवी काउंटरसाठी लिहिलेल्या कायद्याच्या सावलीत वाढली. ‘एम.फार्म. करून नेमके काय व्हायचे?’ हा प्रश्न प्रत्येक पिढीतल्या विद्यार्थ्याला घरातून विचारला गेला, त्याचे मूळ बहुधा इथेच आहे.

मराठी मुलखात या विद्येला उद्योगाने हात दिला. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ चा. चाळिशीच्या दशकात तिथे औषधनिर्माण शिकवले जाऊ लागले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९५७ मध्ये भारतीय औषधनिर्माण संघटनेच्या राज्य शाखेने मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी काढले. रायपूरकरांसाठी नागपूर आणि १९४६ मध्ये विद्यापीठ झालेले सागर ही जवळची ठिकाणे. रायपूरचे स्वतःचे विद्यापीठ १९६४ चे.

आणि तरीही १९८६ घडले. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून प्रयोगशाळेपर्यंतची सगळी साखळी उसवून दाखवली. हे विष नवे नव्हते. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रवात बनवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते.

दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोड. ग्लिसरीनची सापेक्ष घनता सुमारे १.२६, डायएथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२. शुद्ध नमुने समोर असले तर साधा घनतामापकही त्यांना वेगळे करील. अडचण मिश्रणाची आहे. औषधसंहितेची मर्यादा ०.१ टक्का आहे, आणि एवढा अंश घनतेत किंवा अपवर्तनांकात उमटलेला डोळ्यांना दिसत नाही. तिथे वायुवर्णलेखन लागते : नमुन्याची वाफ लांबलचक, केसासारख्या नळीतून जाते, प्रत्येक घटक आपल्या वेगाने बाहेर पडतो आणि कागदावर त्याचे स्वतंत्र शिखर उमटते. यंत्र चालवणारा माणूस मात्र शिखराचा अर्थ लावणारा हवा, आणि मुख्य म्हणजे आलेला पिंप तपासल्याशिवाय पुढे सोडणार नाही असा हवा.

या अभ्यासाकडे जाणारी आजची वाट दोन वर्षांची, चार सत्रांची. २०१० पासून तिच्या दारात जीपॅट ही राष्ट्रीय परीक्षा उभी आहे. त्यापूर्वी हे काम अभियंत्यांच्या गेट परीक्षेतली एक प्रश्नपत्रिका करीत असे. जीपॅटमध्ये पात्र ठरून प्रवेश घेणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते. पहिले वर्ष वर्गात आणि प्रयोगशाळेत, दुसरे मुख्यतः संशोधनात. गोळी किती वेगाने विरघळेल हे सांगणारे नॉइज आणि व्हिटनी यांचे १८९७ चे समीकरण इथे भेटते. ते एमआयटीतच मांडले गेले होते. श्रॉफ तिथे पोहोचले ते सुमारे तीन दशकांनंतर.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले. वीसहून अधिक मुले वाचली नाहीत. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण मोजले : ४८.६ टक्के. ज्या वायुवर्णलेखनाने असे विष पकडता येते, ते एम.फार्म.च्या पहिल्याच सत्रात शिकवले जाते.