रुसलेली सून आणि भुलाबाईचा महिना

वर्धा जिल्ह्याचा छापील इतिहास वाचला तर तो कापसाचा आणि आश्रमांचा दिसतो. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला जिल्हा, कापसामागोमाग आलेली रेल्वे, हिंगणघाटच्या गिरण्या, मग जमनालाल बजाज, १९३६ साली शेगावात म्हणजे पुढच्या सेवाग्रामात राहायला आलेले गांधीजी, पवनारचे विनोबा. त्याच १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. बाईने कसे असावे, काय शिकावे, काय सोसावे याबद्दल त्या काळात वर्ध्याइतका विचार फार थोड्या गावांनी केला असेल. पण आश्विनातल्या त्याच दिवसांत आर्वीपासून समुद्रपूरपर्यंतच्या अंगणांत पोरीबाळी टिपऱ्या वाजवत सासरच्या बाईबद्दल काय गात होत्या, त्याला या इतिहासात जागा मिळालेली नाही. माझे म्हणणे असे, की सासरी मन मोडून पडलेल्या बाईची गोष्ट या भागात आधी भुलाबाईच्या गाण्यांनी सांगितली, आणि ती हसत सांगितली म्हणूनच ती चारचौघांत सांगता आली.

भुलाबाईचा महिना भाद्रपद पौर्णिमेला सुरू होतो. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, घरात बसवायचे आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे गाणी म्हणायची. आज हिच्या घरी, मग तिच्या घरी. गाणी संपली की झाकलेला डबा वाजवून दाखवायचा आणि आतला खाऊ ओळखायला लावायचा. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचे मखर करून त्यात ही जोडी बसवायची, मग निरोप. या दिवसांची निवड शेतीच्या हिशेबात चपखल बसते. निंदण सरलेले असते, ज्वारी उभी असते आणि कापसाची वेचणी अजून लागायची असते. बायाबापड्यांना वर्षात जी थोडीफार उसंत मिळे ती याच सुमारास, आणि नव्याने लग्न झालेल्या लेकी सणावाराला माहेरी येत त्याही याच सुमारास. म्हणजे गाणाऱ्या घोळक्यात सासर पाहिलेल्या आणि सासर पाहायच्या अशा दोन्ही मुली एकत्र असत. या दोघींची गाठ पडणे हे या सणाचे खरे काम होते.

आता गाणी जवळून पाहू. एक सून रुसून बसली आहे. का रुसली ते गाणे सांगतच नाही. सासू समजवायला येते, काहीतरी देऊ करते, सून उठत नाही. सासरा येतो, दीर येतो, जाऊ, नणंद. प्रत्येकाच्या हातात वेगळी वस्तू आणि सुनेचा प्रत्येकाला तोच नकार. शेवटी नवरा येतो. काही पाठांत तो मंगळसूत्र आणतो, काहींत चाबूक. दुसऱ्या गाण्यात सुनेला माहेरी जायचे आहे. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लागतो, मग त्याला पान फुटू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे, आणि हे सगळे झाले की मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. तिसऱ्यात घरात नणंद-भावजय दोघीच असताना शिंक्यावरचे लोणी नाहीसे होते. नणंद भावाकडे चहाडी करते, आणि शेवटी काठीची भाषा व घरच्या लक्ष्मीचा गौरव एका दमात येऊन जातात. चौथे गाणे वेड्याच्या बायकोचे. तिने करंज्या केल्या, त्या होड्या समजून वेड्याने पाण्यात सोडल्या. लाडू चेंडू समजून खेळायला घेतले. एक दिवस ती नुसती झोपलेली असताना ती मेली असे समजून त्याने तिला जाळून टाकले. यावर पोरी हसत आणि पुढचे गाणे धरत.

ही चार गाणी शेजारी ठेवली की एक मोठी गोष्ट दिसू लागते. पात्रे ठरलेली आणि घर एकच, आणि दर संध्याकाळी त्या घराचे एक नवे प्रकरण उघडते, विनोदी कादंबरीचे उघडावे तसे. या घरातली सून कधी अन्नपाणी सोडून बसते, कधी परवानगीच्या फेऱ्यात फिरत राहते, कधी तिच्यावर चोरी येते. प्रत्यक्षात अशा बाईच्या कपाळी ‘डोके फिरले’ हा शिक्का बसे. गाण्याने तो शिक्का उचलून नवऱ्याच्या कपाळी लावला, आणि असला वेडा माझ्याच नशिबी कसा आला हा प्रश्न बायकोच्या तोंडी दिला. याला मी नुसती गंमत म्हणणार नाही. घरात वेडे कोण, हा निवाडा करण्याचा अधिकार पोरींनी एका कडव्यापुरता स्वतःकडे घेतला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही पोरांच्या खेळातली गाणी आहेत, त्यांच्यावर एवढा भार टाकू नये. पण ती पोरे कोण होती? मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा, तो १९३० पासून लागू झाला, आणि लागू झाल्यावरही खेडोपाडी पाळला गेला असे नाही. ज्या वयात आज मुलगी सातवीत असते त्या वयात गाणारी मुलगी सुनेचे काम करत होती किंवा वर्षभरात करणार होती. तिच्यासाठी कारल्याचा वेल ही आगाऊ मिळालेली खबर होती.

दुसरा आक्षेप भौगोलिक आहे आणि तो मान्य करण्यासारखा आहे. यातली बरीच गाणी पुण्या-साताऱ्याकडे भोंडल्यात, हादग्यातही आहेत. मग वर्ध्याचे यात काय? गाणी लग्न झालेल्या लेकींबरोबर फिरतात, त्यामुळे त्यांना जिल्ह्याची हद्द नसते. फरक मांडणीत आहे. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. भुलाबाईत समोर नवरा-बायको बसलेले असतात, आणि सासरची सगळी गाऱ्हाणी त्या जोडप्याच्या तोंडावर म्हटली जातात. देवाचा संसारही त्यातून सुटत नाही. भुलाबाईचे डोहाळे, तिचे बाळंतपण, तिचे सासर-माहेर हे सारे तिच्या भक्तिणींसारखेच. देवीच सुनेच्या जागी बसल्यावर सुनेची थट्टा करणारी मुलगी तिच्या बाजूचीच ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अशा गाण्यांनी काय साधले? हसून वाफ निघून गेली आणि चाबूक जागच्या जागी राहिला. रागाला राग म्हणायला हवे होते. विदर्भात तसे म्हणणारी बाई होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले, आणि त्यातली धारदार, टोचून बोलणारी भाषा अंगणातल्या बायकांच्या बोलण्याची सख्खी बहीण आहे. पण स्वतःच्या नावाने बोललेल्या ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. अंगणातल्या गाण्याला कवयित्रीचे नाव नव्हते, म्हणून कोणाला धरता आले नाही, आणि ते पिढ्यानपिढ्या चालू राहिले. शिवाय त्या हसण्याने काही विसरू दिले नाही. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाला, त्यात मानसिक छळालाही, गुन्हा म्हणणारे कलम ४९८ अ भारतीय दंडसंहितेत १९८३ साली आले. झोपलेल्या बायकोला जाळल्याची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून मुलींना तोंडपाठ होती. ज्याची तक्रार कोठेही नोंदवता येत नव्हती, ते निदान पाठ करून ठेवले जात होते.

मराठी कादंबरीने हा विषय घेतला तेव्हा तिने हसू बाजूला ठेवले. हिंगणघाटला जन्मलेल्या उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. तिच्यातली कौतिक दारिद्र्य, नवऱ्याचा नाकर्तेपणा आणि मुलांची काळजी पेलत झुंजते आणि कोलमडते, आणि तिचे वऱ्हाडी बोलणे वाचताना आजही काटा येतो. ही कादंबरी मोठी आहे याबद्दल वाद नाही. पण तिच्यामुळे असा समज दृढ व्हायला नको, की बाईच्या मोडण्याची खरी गोष्ट गंभीरच असते. कौतिकचे सगळे आयुष्य लेखकाला शेवटापर्यंत दिसते. गाणाऱ्या मुलीला आपला शेवट माहीत नसतो. कोजागिरी झाली की तिला त्याच घरात परत जायचे असते. मंगळसूत्र की चाबूक, हे तिच्यासाठी अजून ठरलेले नाही, आणि गाण्याचे शेवट पाठापाठाने बदलतात ते मला यामुळेच महत्त्वाचे वाटतात.

आज जिल्ह्यात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आहे, मखरासाठी धांडे शोधावे लागतात, आणि भुलाबाई अनेक ठिकाणी महिला मंडळांच्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमात येऊन बसली आहे. गाण्यांची पुस्तकेही निघतात, मात्र बहुतेक पुस्तके एकच पाठ छापून मोकळी होतात. खरे काम दुसरे आहे. देवळी, सेलू, कारंजा, हिंगणघाट इकडच्या सत्तरी-ऐंशीतल्या बायांना विचारून प्रत्येक गाण्याचा शेवट गाववार लिहून घ्यायला हवा: कोणाच्या गाण्यात नवरा चाबूक आणतो, कोणाच्या गाण्यात मंगळसूत्र, आणि ते गाणे त्या बाईने माहेरी शिकले की सासरी.