जुन्या गोव्यांतील संत फ्रान्सिसचें देऊळ



आपल्या देवळाच्या महोत्सवप्रसंगीं एका फार जुन्या देवळाची हकीकत सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं, अशी आशा आहे.

इ. स. १५१७ मध्यें आठ फ्रान्सिस्कन संन्यासी गोव्यास आले व त्यांनीं एक लहानसें प्रार्थनामंदिर उभारलें. १५२१ सालीं त्याचें देवळांत रूपांतर झालें. पुढें तें पाडून १६६१ सालीं त्याच जागीं जांभ्या दगडाची सध्यांची इमारत उठली. मात्र जुना दरवाजा बांधणारांनीं मोडला नाहीं. काळसर दगडाचा, दोरखंडासारख्या नक्षीचा, नाविकांच्या गोलयंत्राचें राजचिन्ह मिरविणारा तो दरवाजा नव्या भिंतींत तसाच बसविला.

आंत एकच प्रशस्त दालन असून दोहों बाजूंस तीन तीन लहान वेदीगृहें आहेत. भिंतींवर रंगीत वेलबुट्टी, तर मुख्य वेदीनजीक लांकडी फलकांवर संत फ्रान्सिसच्या चरित्रांतील प्रसंग रंगविलेले आहेत. पायांखालीं कुलचिन्हांकित थडगीं आहेत. ज्यांच्यापुढें एकेकाळीं लोक वांकत, त्यांच्यावरून आज कोणीही चालतो! सोनेरी वेदीवर चार सुवार्तिकांनीं साक्रामेंताची पेटिका तोलून धरली आहे. तिच्यावर संत फ्रान्सिस व क्रुसावरील प्रभु येशू यांच्या भव्य मूर्ति आहेत आणि खालीं संघाचीं व्रतें लिहिलीं आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन.

दारावर राजाचें चिन्ह, वेदीस सोन्याचा मुलामा आणि त्याखालीं ‘दारिद्र्य’ हा शब्द! ही विसंगति झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. राजाश्रयानें भिंती उंच होतात. व्रत मात्र माणसालाच पाळावें लागतें. आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियानें तें पाळलें. व्यापार सोडून तो याच संघांत बंधु झाला व १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर प्राणास मुकला.

ज्या राज्यसत्तेनें आश्रय दिला, तिनेंच १८३५ सालीं गोव्यांतील धर्मसंघ बंद केले. मठ ओस पडला. १९६४ पासून तेथें पुराणवस्तुसंग्रहालय आहे. वेदी राहिली, चित्रें राहिलीं. त्यांच्यासमोर नित्य प्रार्थना म्हणणारे संन्यासी मात्र राहिले नाहींत.

बंधुभगिनींनो, महोत्सवांत आपण भिंतींस रंग देऊं, घंटेस नवा दोर लावूं. तें योग्यच आहे. परंतु देऊळ टिकतें तें गुडघे टेंकणाऱ्या माणसांमुळें. आपल्या वाडवडिलांचा जुना दरवाजा जतन करूं या, आणि त्यांतून आपलीं मुलेंबाळें रोज आंत येतील असें करूं या. प्रभूची कृपा आपणां सर्वांवर असो.