यंत्राला थांबवून प्रश्न विचारण्याचा अधिकार : डीबगरची वाटचाल, मुंबई ते बीड

१/ ‘संगणकाने चूक केली’ असे सहज म्हटले जाते. वस्तुतः संगणक सांगितले तेवढेच करतो. चूक बहुधा सांगण्यात असते. ती नेमकी कुठे आहे हे शोधायचे, तर चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबवून जाब विचारावा लागतो. हा अधिकार प्रथम कोणाकडे होता आणि बीडसारख्या जिल्ह्यापर्यंत तो कसा पोहोचला, त्याचा हा धागा. 🧵

२/ महाराष्ट्रातील या कथेचा आरंभ मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५४ मध्ये स्वदेशी संगणकाचे काम सुरू झाले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने अवघी १० किलोबाइट.

३/ त्या पिढीच्या यंत्रांसाठी आज्ञा यंत्रभाषेतच लिहाव्या लागत. हे काम अतिशय किचकट होते. पण जे लिहिले तेच चालले, अशी खात्रीही त्यात होती. मात्र यंत्राचा वेळ मौल्यवान असल्याने एकेक आज्ञा हाताने पुढे ढकलत चूक शोधणे परवडत नसे.

४/ केंब्रिजमध्ये एडसॅक या संगणकावर काम करणाऱ्या स्टॅन्ली गिल यांनी १९५१ च्या निबंधात यावर उपाय मांडला : चूक शोधण्याचे काम दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवावे. तपासनीस प्रोग्रामने मूळ प्रोग्रामची एकेक आज्ञा चालवावी आणि तिची नोंद छापावी. डीबगरचे बीज येथे आहे.

५/ १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. आता प्रोग्राम फोर्ट्रानमध्ये लिहिला जाई आणि कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करी. लिहिणे सोपे झाले, परंतु माणूस यंत्रापासून दुरावला. छिद्रित कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची, अशी त्या काळची रीत. प्रोग्राम कोसळलाच, तर हाती पडे तो स्मृतीतील आकड्यांचा छापील ढीग. जणू शवविच्छेदनाचा अहवालच!

६/ अमेरिकेत एमआयटीमध्ये मात्र वेगळी परंपरा रुजत होती. तेथील टीएक्स-० या यंत्रासाठी ‘फ्लिट’ आणि पुढे पीडीपी-१ साठी ‘डीडीटी’ हे डीबगर तयार झाले. दोन्ही नावे कीटकनाशकांची! हिवताप निर्मूलनासाठी भारतातील खेड्यापाड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जात होते, त्याच सुमारास त्याच नावाचा प्रोग्राम आज्ञावलीतले ‘किडे’ शोधत होता. टंकयंत्रापुढे बसून प्रश्न विचारावा आणि तिथल्या तिथे उत्तर मिळवावे, ही सोय त्याने दिली.

७/ तरीही एक अडचण उरलीच. कंपायलरने रूपांतर केले की ‘बेरीज’, ‘सरासरी’ ही माणसाने दिलेली नावे यंत्रासाठी निरर्थक ठरतात. उरतात ते स्मृतीतले पत्ते. म्हणून कंपायलरला सांगून नावे, ओळींचे क्रमांक आणि पत्ते यांची सांगड घालणारी एक यादी प्रोग्रामसोबत ठेवावी लागते. या दुभाष्यामुळेच डीबगर यंत्राचे उत्तर माणसाच्या शब्दांत सांगू शकतो.

८/ १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी ‘जीडीबी’ लिहिला. तो वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा सर्वांना होती. या कथेतले खरे वळण हेच. संस्थेची भिंत आणि परवान्याची किंमत, दोन्ही अडसर दूर झाले.

९/ ‘ब्रेक’ ही आज्ञा दिली की जीडीबी प्रोग्रामच्या ठरलेल्या जागी एक छोटी सापळा-आज्ञा पेरतो. प्रोसेसर तेथे पोहोचताच कार्यप्रणाली प्रोग्राम थांबवते आणि सूत्रे डीबगरकडे येतात. ‘प्रिंट’ने चलाची किंमत पाहता येते, ‘नेक्स्ट’ने एक ओळ पुढे जाता येते आणि ‘बॅकट्रेस’ने आपण कोणकोणत्या फंक्शनांमधून येथवर आलो, ती साखळी दिसते.

१०/ आता बीडचे उदाहरण घेऊ. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. समजा, सी भाषेतील एका प्रोग्रामला त्यांच्या पावसाची सरासरी काढायची आहे. सी मध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणून शेवटच्या तालुक्याचा क्रमांक १०. आवर्तन चुकून ११ पर्यंत गेले, तर अस्तित्वात नसलेल्या बाराव्या तालुक्याचा ‘पाऊस’ही मोजला जातो. प्रोग्राम कदाचित कोसळणारही नाही. तो शांतपणे चुकीची सरासरी सांगेल, आणि दुष्काळप्रवण जिल्ह्यात अशी फुगलेली सरासरी कोसळलेल्या प्रोग्रामहून घातक!

११/ येथे ‘वॉच’ ही आज्ञा उपयोगी पडते. बेरजेवर पहारा बसवला की ती बदलताच जीडीबी थांबतो आणि जुनी व नवी किंमत दाखवतो. अकराही तालुके संपल्यावर बेरीज पुन्हा बदलली की चोर सापडला.

१२/ मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींचे गाव असलेल्या अंबाजोगाईत आज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जीडीबीला सजावटीचा पडदा लागत नाही. काळ्या खिडकीतील अक्षरे पुरतात. म्हणून तो जुन्या संगणकावर चालतो आणि मंद इंटरनेटवरून दूरच्या यंत्राशीही बोलतो. एके काळी मोजक्या संस्थांपुरता असलेला अधिकार आता तेथील विद्यार्थ्याच्याही हाती आहे. उत्तर बरोबर दिसते म्हणून ते मान्य न करता ते कसे आले हे विचारणे, ही सवय इतिहासाच्या अभ्यासकालाही तितकीच हवी.