बिरसीची धावपट्टी : कालक्रमाचा एक विचार

वरठी येथील भंडारा रोड स्थानकावरून हावड्याच्या दिशेने जाणारा लोहमार्ग ज्या गोंदिया जंक्शनास पोहोचतो, त्याच्या परिसरात, कामठ्यानजीक, बिरसी हे गाव वसले आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. म्हणून बिरसीच्या विमानतळाचा इतिहास हा भंडाऱ्याच्या इतिहासाचाच भाग समजावयास हवा.

हा विमानतळ ब्रिटिश राजवटीने १९४० साली बांधला. या सनाकडे अभ्यासकांनी नीट लक्ष दिले पाहिजे. पूर्व विदर्भातील युद्धकालीन बांधकाम म्हटले की त्याचा संबंध ब्रह्मदेशाच्या आघाडीशी जोडण्याचा मोह होतो. परंतु जपान युद्धात उतरला तो डिसेंबर १९४१ मध्ये, आणि रंगून पडले मार्च १९४२ मध्ये. १९४० साली हिंदी वायुदलाजवळ एकच स्क्वाड्रन होते. दुसरे उभे राहिले एप्रिल १९४१ मध्ये. तेव्हा बिरसीचा आरंभ पूर्वेकडील संकटातून झाला, असे मानण्यास कालक्रम आड येतो. त्या संकटामुळे पुढे तिचे महत्त्व वाढले असेल, ही गोष्ट निराळी. उत्तरकालीन प्रयोजन हे मूळ कारण म्हणून सांगणे युक्त नव्हे.

दुसरा मोह प्रशिक्षणाविषयीचा. युद्धकाळात वैमानिकांच्या शिक्षणाची जी पायरीवार व्यवस्था लागली, तीत प्राथमिक उड्डाण बेगमपेठ व जोधपूर येथे टायगर मॉथ विमानांवर आणि पुढील शिक्षण अंबाल्यास, असा क्रम होता. बिरसीस आज वैमानिक घडतात, म्हणून तिला त्या व्यवस्थेची वारस ठरविता येत नाही.

येथे शब्दांचाही विचार करावासा वाटतो. मराठीत ‘तळ’ हा शब्द सैन्याच्या मुक्कामाशी जोडलेला; फौज तळ देते, तळ हलविते. ‘विमानतळ’ म्हणताना मुक्काम, रसद, माणसांची वर्दळ हे सारे अभिप्रेत असते. ‘धावपट्टी’ ही मात्र नुसती जमिनीची पट्टी होय. युद्धोत्तर बिरसीस दुसराच शब्द अधिक शोभतो. ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. ऑगस्ट १९९८ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. या प्राधिकरणाने कॅनडाच्या सीएई कंपनीशी भागीदारी करून स्थापिलेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था २००८ साली येथे सुरू झाली, आणि पट्टीचा पुन्हा तळ झाला. नियमित प्रवासी वाहतुकीस मात्र मार्च २०२२ उजाडावा लागला.