पाणी कुणाच्या हातचं

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या रोहिणखेडात धर्माचा निकाल एकदा तलवारीने लागला होता. 1591 साली दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने इथे सरदार जमालखानाला हरवलं. जमालखान मारला गेला आणि अहमदनगरच्या दरबारात त्याने चढवून ठेवलेला इस्लाममधला महदवी पंथही त्याच्याबरोबर खाली आला. आमचे आबा ही लढाई स्वतः बांधावर उभं राहून पाहिल्याच्या थाटात सांगत. पण त्यांची खरी पाहिलेली गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज आपसूक खाली येई.

तरुणपणी आबा कापसाची गाडी घेऊन मलकापूरला जात. वाटेत एकदा नदीच्या डोहाजवळ माणसं जमलेली दिसली. अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या पट्ट्यात तेव्हा अमेरिकेतल्या अलायन्स मिशनचं काम होतं. कमरेइतक्या पाण्यात पाळक उभा, शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला एक मांगवाड्यातला माणूस. “त्यानं त्याले धरलं अन् उताना पान्यात घातला. मले वाटलं, गेला आता! पन वर आला तं हासत व्हता,” असं आबा सांगत.

यावर आजीचा प्रश्न ठरलेला असे. “मंग घरी जाऊन त्यानं पानी कोन्या विहिरीचं पेलं?”

आबांना याचं उत्तर कधीच देता आलं नाही. आमच्याच दारात मांगवाड्यातल्या माणसाच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई, आणि ते ओतणारी आजीच असे.

डोहात नेमकं काय घडलं, ते आबांना ठाऊक नव्हतं. ख्रिस्ती श्रद्धेत ते आंघोळीसारखं धुणं नाही; खरं तर ते पुरणं आहे. पाण्याखाली जातो तो जुना माणूस ख्रिस्ताबरोबर मेला, पुरला गेला, आणि वर येतो तो त्याच्याबरोबर उठलेला नवा, असा अर्थ संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात लावला आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने हा विधी आयुष्यात एकदाच होतो. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन मंडळ्या तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात, कपाळावर पाणी घालून. बाळाच्या वतीने श्रद्धेचा शब्द मोठी माणसं देतात. बॅप्टिस्ट आणि अलायन्ससारख्या मंडळ्या म्हणतात, ज्याला कळतं त्यानेच घ्यावा, आणि पूर्ण बुडून घ्यावा. बाप्तिस्मा तान्हेपणी की कळत्या वयात, यावरून युरोपात सोळाव्या शतकात माणसांचे जीव गेले आहेत. तिथलीही माणसं आपल्यापेक्षा फार शहाणी नव्हती.

आपल्याकडे मात्र वाद डोहातल्या पाण्याचा नव्हता, माठातल्या पाण्याचा होता. 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अजाण वयाचा. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि मुलगा त्यांच्या ताब्यात मिळाला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरी तो जेवला होता, आणि जातीच्या लेखी तेवढं पुरेसं होतं. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. म्हणजे चर्चच्या दृष्टीने मुलगा अजून ख्रिस्ती नाही, आणि जातीच्या दृष्टीने तो हिंदू उरलेला नाही! आमच्या आजीने हा खटला दोन वाक्यांत समजून घेतला असता.

त्याच नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्यात, आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण शिवेपलीकडे, काम केलं आणि जवळच बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे आलेले बहुतेक लोक मांग आणि महार. मुंबईच्या ब्राह्मणाने मराठवाड्यात मांगांबरोबर एका मंडळीत बसावं, ही बाप्तिस्म्याच्या अर्थाची मला ठाऊक असलेली सगळ्यांत ठसठशीत टीका आहे, पौलाच्या पत्रावर कुठल्याही विद्वानाने लिहिली असेल त्याहून.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 चा, मुंबईतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून नको, देशी पाळकाच्या हातून हवा, असा त्यांचा आग्रह होता. नाव नारायणच राहिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि परतल्यावरही सोवळं त्यांनी सोडलं नव्हतं. एके दिवशी त्यांनी स्वतःशीच विचार केला की जात देवाने केली की माणसाने. आणि ठरवून टाकलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो यानंतर. त्यांचं आत्मकथन ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. माठ आधी मोकळा झाला, मग डोह आला.

टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला. त्यात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य एकत्र येणार होते. चर्चमधल्या अनेकांना हे पटणं अवघडच होतं: उंबरठा ओलांडल्याशिवाय घरात कसं घ्यायचं? त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. ज्या माणसाने या विधीपायी घरदार, भाऊबंद गमावले, त्याला ‘बाप्तिस्म्यावाचूनही चालतं’ हे ऐकून काय वाटत असेल? तरी माझा कौल टिळकांना आहे. त्यांनीही किंमत मोजली होती, आणि ती मोजून झाल्यावर ते हे बोलत होते. दरबार फार काळ टिकला नाही. 1919 मध्ये टिळक गेले.

किंमत अजून संपलेली नाही. बाप्तिस्म्याने वारसाहक्क बुडू नये म्हणून इंग्रजांनी 1850 चा एकविसावा कायदा केला, तो तेव्हा लोकांना आवडला नाही. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. डोहातून वर आलेल्या मांगाचा नातू ख्रिस्ती राहिला, तर गाव त्याला मांगच म्हणत असलं तरी सरकारी कागदावर त्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही.