साडेअठरा मिनिटांची घरघर

२१ नोव्हेंबर १९७३. वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश जॉन सिरिका यांना कळवण्यात आले की, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या एका ध्वनिफितीवर साडेअठरा मिनिटे संभाषणच नाही. आहे ती केवळ घरघर.

फीत होती २० जून १९७२ ची. वॉटरगेट संकुलातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच जण पकडले गेल्याला तेव्हा तीनच दिवस झाले होते. निक्सन आणि त्यांचे चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हॉल्डमन यांच्यात त्या दिवशी या प्रकरणाचा विषय निघाला होता, हे हॉल्डमन यांच्या हस्तलिखित टिपणांवरून दिसते. नेमका तोच भाग पुसला गेला होता.

निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वूड्स यांनी साक्ष दिली की, फीत ऐकून मजकूर उतरवताना फोन घेण्याच्या गडबडीत रेकॉर्डची कळ दाबली गेली आणि पाय पेडलवर राहिला. पण ही चूक त्यांच्या मते पाचएक मिनिटांचीच होती. मग उरलेल्या तेरा मिनिटांचे काय?

न्यायालयाने सहा तज्ज्ञ नेमले. त्यांच्या नावांना व्हाइट हाउस आणि विशेष सरकारी वकील या दोघांचीही मान्यता होती. या मंडळींनी फीत ऐकली, त्याहून अधिक ती ‘पाहिली’. घरघरीचे तरंग कागदावर उतरवले, तिच्यातील वारंवारता मोजल्या. तो विजेच्या तारांतून येणारा ६० हर्ट्झचा गुंजारव आणि त्याच्या पटी होत्या. (भारतात हीच वीज ५० हर्ट्झची असते.) आवाजाची पातळीही एकसारखी नव्हती: आरंभी मोठी, पुढे एकदम खाली.

निर्णायक पुरावा मात्र कानाला जाणवणारा नव्हताच. टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डिंग थांबते त्या क्षणी पुसणारे व मुद्रण करणारे हेड फितीवर सूक्ष्म चुंबकीय ठसा सोडतात. लोहकणांचा द्रव लावताच हे ठसे डोळ्यांना दिसू लागले. पेडलने फीत चालते अन् थांबते. असे ठसे उमटायला यंत्राच्या कळाच हाताने दाबाव्या लागतात.

मूळ ध्वनिमुद्रण सोनीच्या यंत्रावर झाले होते. पुसण्याचे काम बहुधा वूड्स वापरत असलेल्या ‘उहर ५०००’वर. जानेवारी १९७४ मध्ये तज्ज्ञांनी न्यायालयाला सांगितले की, ते एका दमात झालेले नाही. किमान पाच, कदाचित नऊ वेळा कळा दाबल्या गेल्या. यंत्रातील सदोष डायोडमुळे हे ठसे उमटले असावेत, असा आक्षेप पुढे आला. तज्ज्ञांनी तो तपासून फेटाळला.

कळा कोणाच्या बोटांनी दाबल्या, हे मात्र कोणतेही मापनयंत्र सांगू शकले नाही. निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला, तो याच संग्रहातील दुसऱ्या एका, न पुसलेल्या फितीमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००१ मध्ये नव्या तंत्राने शब्द परत मिळवण्याचा प्रयत्न हाती घेतला आणि २००३ मध्ये तो सोडून दिला. फीत आजही तिथेच जपून ठेवलेली आहे.