पोटावरच्या व्रणाचा इतिहास

‘एकदा सीझर, की दर खेपेला सीझर’ हे वाक्य आता आपल्याकडे खेडोपाडी ऐकू येतं. सुनेचं दुसरं बाळंतपण जवळ आलं, की पारावर किंवा पाणवठ्यावर कुणीतरी ते बोलून जातंच. ऐकणाऱ्याला वाटतं, ही जुनी म्हण असेल. पण ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडची नव्हे. तिला साल आहे, गाव आहे आणि कर्ताही आहे. ती निघाली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात, १९१६ साली. ती ज्यांनी सांगितली त्या डॉक्टरांच्या मनात काय होतं आणि आपण तिचा काय अर्थ करून बसलो आहोत, हे पाहण्यासारखं आहे. मी इतिहासाचा मास्तर. औषध सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण पोटावरच्या या व्रणालाही इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर घरातल्या बाळंतिणीकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलेल, असं मला वाटतं.

आधी नावाची गोष्ट. रोमचा ज्युलियस सीझर पोट चिरून जन्मला, म्हणून या शस्त्रक्रियेला त्याचं नाव पडलं, असं पुष्कळजण सांगतात. हे बहुधा खरं नाही. सीझरची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर चाळीसएक वर्षं जिवंत होती; आणि त्या काळी पोट चिरल्यावर आई जगण्याची आशाच नसे. गरोदर स्त्री मरण पावली, तर पोटातलं मूल काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा रोमन लोकांचा कायदा होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही असंच सांगितलं आहे : दिवस भरलेली स्त्री अकस्मात मरण पावली आणि कुशीत हालचाल दिसली, तर वैद्यानं तत्काळ पोट उघडून मूल बाहेर काढावं. म्हणजे रोम काय किंवा भारत काय, ही शस्त्रक्रिया शेकडो वर्षं प्रामुख्यानं मेलेल्या आईवर होत होती. मग बाळंतिणीनं पुन्हा उभं कसं राहायचं, हा प्रश्न निघणार कुठून?

पुढे युरोपात जिवंत बाईवर ही शस्त्रक्रिया करून पाहिली जाऊ लागली. पण तिचा निकाल वाचताना अंगावर काटा येतो. १७८७ ते १८७६ या नव्वद वर्षांत पॅरिस शहरात या शस्त्रक्रियेतून एकही आई वाचली नाही, असं इतिहासकार सांगतात. असं का व्हावं? रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ही कारणं होतीच. पण आणखी एक कारण होतं, ते आज वाचताना नवल वाटतं. डॉक्टर पोटाची कातडी शिवत, पण आतल्या गर्भाशयाला टाके घालत नसत! त्यांचं म्हणणं असं, की गर्भाशय हा मोठा स्नायू. तो आपोआप आवळतो, आणि जखम मिटते. शिवाय आत घातलेले टाके पुढे काढायचे कसे? म्हणून ती जखम तशीच उघडी राही, आणि बाई रक्तस्रावानं किंवा तापानं जाई.

१८७६ साली इटलीतल्या पाव्हिया शहरी एदुआर्दो पोर्रो या डॉक्टरांनी यावर एक कठोर उपाय काढला. मूल बाहेर काढल्यावर त्यांनी गर्भाशयच कापून टाकलं. पंचवीस वर्षांची ती बाई वाचली, आणि पोर्रोंची रीत युरोपभर गेली. पण वाचलेल्या बाईला दुसरं मूल होणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ साली, जर्मनीतल्या लाइपझिग शहरी माक्स सेंगर नावाच्या तरुण डॉक्टरांनी एक प्रबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात एवढंच होतं : गर्भाशय कापून टाकू नका, ते नीट शिवा. चांदीची तार आणि रेशीम वापरून, कडा काळजीपूर्वक जुळवून, त्यांनी टाके घालण्याची पद्धत सांगितली. एव्हाना भूल देण्याची विद्या आली होती आणि हात नि हत्यारं जंतुविरहित ठेवण्याची शिस्तही रुजू लागली होती. आया वाचू लागल्या, गर्भाशयही वाचू लागलं. दुसऱ्या सीझरचा इतिहास खऱ्या अर्थानं इथून सुरू होतो. कारण आता पोटावर व्रण असलेली बाई पुन्हा गरोदर राहू शकत होती.

आणि तिला पुन्हा सीझर लागतही असे. त्याचं मोठं कारण होतं मुडदूस. ग्लासगोसारख्या कारखान्यांच्या शहरात धुरानं सूर्य झाकोळलेला, पोरांना पुरेसं दूध नाही. हाडं मऊ राहून वाकत. लहानपणी वाकलेलं कमरेचं हाड मोठेपणी मुलाला वाट देत नसे. अशा बाईचा मार्ग पहिल्या खेपेला अरुंद, तसाच दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही. १८८८ साली ग्लासगोत मर्डॉक कॅमेरॉन यांनी अशाच एका मुडदुसानं ग्रासलेल्या बाईवर शस्त्रक्रिया केली, आणि आई व मूल दोन्ही वाचली.

आता त्या म्हणीकडे वळू. त्या काळी गर्भाशयावर छेद घेत तो उभा, वरच्या जाड भागावर. हा भाग म्हणजे कळा देणारा स्नायू. बाळंतपणानंतरही तो आवळत-सैलावत राहतो. भरल्या पोत्याची शिवण जिथे ताण येतो तिथेच उसवते, हे तुम्हांला ठाऊक आहे, तसंच हे. जखम भरायच्या काळात ओढली जाई, कच्ची भरे, आणि पुढच्या गरोदरपणी फाटण्याची भीती राही. म्हणून १९१६ साली न्यूयॉर्कचे एडविन क्रॅगिन डॉक्टरांच्या सभेत म्हणाले, की एकदा सीझर केलं की पुढेही सीझर करावं लागणार. त्यांच्या व्याख्यानाचा रोख सबुरीवर होता. अर्थ असा, की बाबांनो, पहिलं सीझर करताना दहादा विचार करा, कारण तुम्ही तिच्या पुढच्या सगळ्या बाळंतपणांचा निकाल लावता आहात. या नियमाला अपवाद असतात, हेही ते सांगायला विसरले नाहीत. डॉक्टरांना दिलेला हा इशारा काळाच्या ओघात बाईच्या नशिबाचा लेख होऊन बसला, ही इतिहासातली थट्टाच म्हणायची.

खरं तर उपाय आधीच सापडलेला होता. १८८१ साली जर्मनीतच फर्डिनांड केरर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेऊन पाहिला होता. हा भाग कळांच्या वेळी फारसा ओढला जात नाही, तिथे रक्त कमी जातं आणि जखम घट्ट भरते. पण तिकडे बराच काळ कुणी लक्ष दिलं नाही. १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी या रीतीचा हिरिरीनं पुरस्कार केला, आणि हळूहळू ती जगभर रूढ झाली. आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही बहुतेक वेळा हाच आडवा छेद घेतात. त्यामुळे क्रॅगिन यांच्या वाक्याचा पायाच बराचसा ढिला झाला. खालच्या भागावर एकच आडवा छेद असलेल्या बाईला पुढच्या खेपेस नैसर्गिक कळा येऊ दिल्या, तर व्रण फाटण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असतं. तरी फाटला तर तो प्रसंग जिवावरचा. म्हणून असा प्रयत्न जिथे तात्काळ शस्त्रक्रिया होईल आणि रक्त मिळेल अशा दवाखान्यातच व्हावा, घरी नव्हे. हा निर्णय तपासून डॉक्टरांनी आणि त्या बाईनं मिळून घ्यायचा.

मग पुन:पुन्हा सीझर झालं, तर शरीरात काय घडतं? गर्भाशयाचंच उदाहरण घ्या. बाळंतपण झालं त्या दिवशी त्याचं वजन सुमारे एक किलो असतं. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येतं. आपल्या वाडवडलांनी सव्वा महिन्याची विश्रांती ठरवली, ती या हिशेबाशी चांगली जुळते. पण ती ठरली तेव्हा बाईच्या पोटावर टाके नव्हते. कातडी आठ-दहा दिवसांत मिटलेली दिसते. तिच्याखाली पोट बांधून धरणारा जो चिवट पडदा असतो, त्याला सहा आठवड्यांनी पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास बळ आलेलं असतं. पुढे कित्येक महिने तो घट्ट होत राहतो. म्हणजे वरून ‘बरी झाली’ असं दिसणारी बाई आतून अजून बरी होत असते.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्याच जागी पुन्हा छेद जातो. आतले पापुद्रे एकमेकांना आणि शेजारच्या मूत्राशयाला चिकटलेले असतात, म्हणून शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागतो. व्रणाच्या वरची कातडी बधिर राहते, कधी खाजते. पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकतात. पोट सुटल्यासारखं दिसतं नि कमरेला आधार कमी पडतो. पट्टा बांधला तर आधार वाटतो, पण स्नायूंचं काम पट्टा करीत नाही; त्यासाठी डॉक्टरांना विचारून हलका व्यायामच हवा. आणि पाठीत सुई देऊन भूल दिली म्हणून जन्मभर पाठ दुखते, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही.

सर्वांत मोठी जोखीम असते ती वारेची. जुन्या व्रणावर वार रुतून बसली, तर ती सुटत नाही आणि रक्ताचा पूर येतो. अमेरिकेत तीस हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास होऊन २००६ साली तो प्रसिद्ध झाला. दुसऱ्या सीझरच्या वेळी हे प्रमाण हजारात तिघींचं होतं, तिसऱ्याला हजारात सहा, आणि चौथ्याला एकदम शंभरात दोन. क्रॅगिन जी काळजी सांगत होते, ती या आकड्यांत वेगळ्या रूपानं पुन्हा दिसते.

आता थोडं बाजेविषयी. पूर्वी पाश्चात्त्य दवाखान्यांत सीझरनंतर बाईला दोन-दोन आठवडे अंथरुणावरच ठेवीत. हलली की टाके तुटतील, ही भीती. पण पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, आणि त्यांनीच माणसं दगावत. १९४०च्या सुमारास रुग्णाला लवकर उठवण्याची पद्धत आली, आणि आता पहिल्या दिवसाच्या आतच बाळंतिणीला चार पावलं चालवतात. सासूबाईंना हे पाहून धस्स होतं, ते स्वाभाविक आहे. पण ते चालणं औषधासारखं आहे. मात्र उठवणं वेगळं आणि कामाला जुंपणं वेगळं. पाण्याची कळशी, गवताचा भारा, धुण्याची बादली ही त्या पावलांच्या हिशेबात येत नाहीत.

आणि इथेच आपल्या चालीरीतीतली एक उणीव दिसते. पहिलं बाळंतपण माहेरी. आई असते, आळिवाची खीर असते, डिंकाचे लाडू असतात, शेक असतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाई पुष्कळदा सासरीच असते. कौतुक ओसरलेलं असतं, थोरलं मूल कडेवर घे म्हणून रडत असतं, आणि ‘हिला काय, सवय आहे’ असं चारजणी म्हणून जातात. पण शरीराला सीझरची सवय होत नसते. खेपेगणिक त्याचं काम वाढत जातं. ज्या खेपेला विश्रांतीची गरज अधिक, नेमकी त्याच खेपेला ती कमी मिळते.

हा प्रश्न थोड्या घरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशात शंभरांतली आठ-नऊ बाळंतपणं सीझरनं होत होती. २०१९-२१च्या पाहणीत ती एकवीस-बावीसवर गेली, आणि महाराष्ट्रात पंचवीसच्या घरात. आज जिचं पहिलं सीझर झालं, तिच्या घरी उद्या दुसऱ्याचा प्रश्न उभा राहणारच.

तेव्हा दोन-तीन साध्या गोष्टी सांगून थांबतो. एक, मुलांत अंतर ठेवा. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान दोन वर्षं जावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सीझर झालेल्या बाईच्या बाबतीत ते अधिकच पाळावं. दोन, पहिले सहा आठवडे बाळाहून जड काही तिला उचलू देऊ नका. थोरल्या मुलाला कडेवर घेणं हे त्या दिवसांत बापाचं आणि आजोबांचं काम. ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, रक्त फार गेलं किंवा एक पाय सुजून दुखू लागला, तर शेकत बसू नका. आशाताईंना सांगा, दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट इतिहासाच्या मास्तराला शोभेल अशी. दवाखान्यातून घरी जाताना जो कागद देतात, तो जपून ठेवा. कातडीवरचा व्रण आडवा दिसला, तरी आतल्या गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या खेपेचा सारा निर्णय त्यावर अवलंबून, आणि ते फक्त त्या कागदावर लिहिलेलं असतं. सातबारा आपण ट्रंकेच्या तळाशी, कापडात गुंडाळून ठेवतो. त्याच्या शेजारी हा कागदही ठेवा. शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे, की पुढच्या पालकसभेत एवढी एक गोष्ट आयाबापांना सांगावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचा कागद त्यांना वाचून दाखवावा.